आठव्या दिवसाचा ताप

दि. ३ मार्च १९८७, मंगळवार

चि. गौरा हिस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला अकरा महिने उशीर झाला, त्याची माफी पहिल्याच ओळीत मागतो. मधे तीनदा कार्ड आणले. एकावर तुझे नाव लिहून झाले आणि पुढे हात चालेना. त्या कार्डात मग तुझ्या अव्वाने ओव्याची पुडी बांधली. माझी शाळा निजामाच्या वेळची, चार यत्ता, तीही उर्दू. मराठी मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, हे तुला माहीत आहे. अक्षराला हसू नकोस.

तुझेही पत्र नाही. तू जुन्या सवयीने पत्त्यावर जिल्हा उस्मानाबाद लिहीत असशील, आणि पत्रे तिकडेच पडून राहत असतील, असे मी अव्वाला सांगतो. लातूर जिल्हा होऊन पाचवे वर्ष लागले, तरी माझ्या स्वतःच्या हातून अजून उस्मानाबाद लिहिले जाते. अव्वा म्हणते, "नर्सबाईला जिल्हा म्हाईत न्हाई व्हय? तुमी उगंच मन खाऊन राहिलात."

इकडे विहिरीचा तळ दिसतो. टँकर एक दिवसाआड येतो. वीरण्णा आणि यशोदा सरकारी कामावर खडी फोडायला जातात. तू गेल्यावर महिन्याने तुझ्या या भावाला मुलगी झाली, हे तुला कोणी कळवले की नाही? कावेरी नाव ठेवले. दहा महिन्यांची आहे. खालचे दोन दात आले आहेत आणि हसताना तेच दाखवते. तू तिला पाहिलेली नाहीस.

लिहायचे कारण असे की गोवर आला आहे. आधी तांड्यावर होता, आता गावात आहे. आपल्या शेजारचा नरसिंग मेंढ्यावाला, त्याचा मलप्पा चार दिवसांपासून पडून आहे. तुझी ती गोवराची सुई दहा महिन्यांच्या लेकराला चालते का, एवढे कळव. त्या वेळी लोकांनी तुला बोल लावला, ते लोक आता गप्प आहेत. तू मनात काही ठेवू नकोस.

तुझा अप्पा, चन्नबसप्पा


दि. ११ मार्च, बुधवार

चि. गौरा हिस,

उत्तर आले नाही. बिलोलीला पत्र जायला चार दिवस आणि यायला चार, असे मी धरून चाललो आहे. तरी पोस्टमनच्या सायकलपुढे रोज उभा राहतो. तो म्हणतो, "अप्पा, आलं तर मी दडवून ठेवीन का?"

नरसिंगचा मलप्पा रविवारी गेला. दोन वर्षांचा होता. गोवर छातीत उतरला. लातूरला न्यायला गाडी मिळेपर्यंत श्वास संपला.

मी भेटायला गेलो. नरसिंगने बसायला पोते टाकले. पाणी विचारले. टँकरचे पाणी, आणि घरात असे झालेले, तरी विचारले. मग म्हणाला, "अप्पा, एक बोलू का? गौराक्का म्हणत हुती ताप येतो म्हणून. तुमी बेल उचलून म्हणलात, येत न्हाई. मग आला. मला वाटलं, येत न्हाई म्हणले तो आला, तर अजून काय काय येईल. म्हणून मी मलप्पाला घेऊन रानात पळालो."

मी उठू लागलो.

"ताप येतो म्हणून तुमी सांगितलं असतंत, तर मी तापाला भ्यालो नसतो," तो म्हणाला. "ताप काय, रोजचाच हाय की."

गौरा, तो रागाने बोलला असता तर मला बरे वाटले असते.

म्हणून आता तुला माहीत असलेलीच गोष्ट लिहितो, कारण मागच्या पत्रात मी तिला बगल दिली. गेल्या चैत्रात वीरभद्राच्या देवळापुढे सारे गाव बसले होते. तू सुईची पेटी मांडीजवळ ठेवून उभी होतीस. सरजाबाई सुईण म्हणाली, "गौरे, देवीची सुई झाली, आता गोवराची आणलीस व्हय? उद्या शिंकेची आणशील!" लोक हसले. तू म्हणालीस, "मावशे, शिंकेनं लेकरू मरत न्हाई." हसणे थांबले. मग कोणीतरी विचारले, सुईने काय होते ते आधी सांग. तू सांगायला लागलीस.

तू काय सांगितलेस ते मी ऐकले नाही. हे खरे आहे. मी तुझ्याकडे बघतच नव्हतो, लोकांची तोंडे बघत होतो. ताप हा शब्द निघाला आणि बायका लेकरे कडेवर घेऊन उठू लागल्या. सरजाबाई ओरडली, "मग उचल बेल, ताप येणार न्हाई म्हणून!" तू म्हणालीस, "ताप येणार म्हणून उचलते. चालंल?"

लोक पुन्हा हसले. ते हसणे मला सहन झाले नाही. जावई वारल्यावर भाऊबंदांनी नावे ठेवली, तरी मीच तुला नांदेडला नर्सच्या शाळेत घालून आलो होतो. आणि माझे आयुष्य दुकानात गेले. गूळ विकताना खडा निघेल असे कोणी सांगत नाही. मला वाटले, पोरगी शिकली, पण हिला माल विकता येत नाही. म्हणून मी पुढे झालो. हातावर बेलाचे पान, पानावर विभूती घेऊन उंबऱ्याशी म्हणालो की माझ्या लेकीच्या सुईने कोणाच्या लेकराला ताप येणार नाही. बांधाच्या भांडणात, जनावराच्या चोरीत गाव माझ्याच हातात बेल द्यायचे. मी उचलला की लोक उठून घरी जायचे. त्या मंगळवारी एकोणीस लेकरांना सुई झाली. उरलेल्यांची पुढच्या आठवड्यात बुधवारी व्हायची होती. मलप्पा त्या उरलेल्यांत होता.

त्या बुधवारी काय झाले ते लिहायचे आज बळ नाही.

दुसरीही एक गोष्ट आहे. तुझ्या जागी आलेल्या नर्सबाईची जीप गेल्या महिन्यात दोनदा गावात आली. दोन्ही वेळा मी कावेरीला कणगीत लपवले. यंदा कणगी रिकामीच आहे, आत गोणपाट टाकले आणि तिला उतरवले. तिला तो खेळ वाटला, ती हसत होती, आणि मी वरून तिच्या तोंडावर हात धरला होता. मला भीती ही वाटते की खोटा बेल उचललेल्याच्या घरावर ती सुई उलटेल. तू हसशील. सरजाबाईलाही हे बोललो नाही, तुला लिहितो आहे.

कावेरीला सुई द्यावी का, दोन ओळी कळव.

अप्पा


दि. १८ मार्च, बुधवार

चि. गौरा हिस,

आज सुई दिली. तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही, पाहू दिली नाही. सकाळी यशोदा पदर खोचून उभी राहिली. "मामा, यायचं असंल तर या, न्हाईतर मी चालले. कामावर खाडा पडला तर पडू द्या. लेकरू कणगीत वाढवायचं न्हाई मला." म्हणजे तिला कणगीचे माहीत होते.

तीन कोसांवरच्या दवाखान्यात गेलो. गोवराच्या भीतीने रांग मोठी. आपला नंबर आला तेव्हा मी तिथल्या नर्सबाईला विचारले, "बाई, आठव्या दिवशी ताप येतो न्हवं?"

तिने इकडेतिकडे पाहिले. "हळू बोला आजोबा. रांग मोडायची."

"मग सांगत का न्हाई लोकांला?"

"सांगितलं की पळतात. न्हाई सांगितलं की आठव्या दिवशी येऊन शिव्या देतात. शिव्या परवडल्या."

"आमची लेक सांगायची," मी म्हणालो.

"कुठं हाय ती?"

मी कावेरीची बाही वर सारली. "बघा," ती म्हणाली आणि सुई भरली. किती दिवस ताप राहतो हे विचारणार, तोवर मागच्या बाईने आपले लेकरू पुढे केले.

कावेरी दंडाला सुई लागल्यावर एकदाच ओरडली, मग नर्सबाईच्या बांगड्या धरून बसली. त्या दवाखान्यात मला पहिल्यांदा कळले की तू काय करत होतीस. ती बाई वाईट नाही, दमलेली आहे. तूही दमत असशील. पण तू सांगायचीस.

तुझ्या त्या एकोणीस लेकरांपैकी अठरा या गोवरात उन्हात खेळत आहेत. एकाला नुसता चाटून गेला, चौथ्या दिवशी उठून भाकर मागितली. हे मी गावात कोणाला बोलून दाखवलेले नाही. मी बोललो तर ऐकणार कोण?

आता आठवा दिवस गुरुवारी येतो.

अप्पा


दि. २६ मार्च, गुरुवार, दुपार

गौरा,

कावेरीला ताप आला.

सकाळी यशोदाने तिला माझ्याकडे दिले आणि माझ्या गळ्यातल्या लिंगालाही धग लागली, एवढे अंग तापले आहे. आज आठवा दिवस, म्हणजे सुईचा ताप, असे मी म्हटले असते. पण एक गोष्ट आहे, जी मी घरात कोणाला सांगितली नव्हती. पंधरा तारखेला टँकरच्या रांगेत कावेरी माझ्या कडेवर होती. सरजाबाईचा नातू तिच्या तोंडात बोट घालून तिचे दात मोजत होता. त्याचे डोळे लाल होते, नाक वाहत होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर गोवर उमटला. हे झाले सुईच्या तीन दिवस आधी. मग हा ताप सुईचा का त्या बोटाचा? मला कळत नाही. तुला कळले असते.

अव्वाने दाराला लिंबाच्या डहाळ्या बांधल्या. फोडणी बंद केली. तवा पालथा घातला. म्हणते, "आई पाहुणी आली. नाव घेऊ नका, औषध देऊ नका, रागावंल." मी म्हटले, आपण लिंगवाले, आपल्याला आई कसली? ती म्हणाली, "लिंग तुमच्या गळ्यात हाय. लेकराच्या अंगात कोन हाय ते बघा."

आणि गौरा, मी गप्प बसलो. कारण लिंब बांधलेल्या घरात बाहेरचे कोणी येत नाही. कोणी आले नाही तर ताप कोणाला दिसणार नाही. त्या डहाळ्यांमागे माझा बेल झाकून राहील, असे माझ्या मनात आले. लेकरू तापलेले असताना माझ्या मनात हे आले.

आता गेल्या चैत्रातला तो पुढचा बुधवार लिहितो. आठवा दिवस होता. एकोणिसातली आठ-नऊ लेकरे तापली होती. लोक देवळापुढे जमले. तू पेटी घेऊन आलीस. सरजाबाई कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "का रं अप्पा, बेल खोटा का लेक खोटी?"

मी म्हणालो, "मला लेकीनंच सांगितलं, ताप येत न्हाई म्हणून."

तू तिथेच उभी होतीस. पेटीचे झाकण लावलेस आणि रस्त्याला लागलीस. मला वाटले होते तू ओरडशील, मग मीही ओरडेन, आणि घरी येऊन भांडण मिटेल. तू बदली मागून बिलोलीला गेल्याचे मला पोस्टमनकडून कळले.

लोकांनी तुला बोल लावला असे मी पहिल्या पत्रात लिहिले. लोकांनी नाही. मी.

त्याहून वाईट ते पुढे आहे. बेल उचलायच्या दोन दिवस आधी तू देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर गेरूने सारे लिहून ठेवले होतेस. सुईनंतर काय होते, काय करायचे. मोठी अक्षरे, लेकरांनाही वाचता यावी अशी. म्हणजे तू ताप सांगितला होता, हे भिंत सांगत होती. तू गेलीस त्याच संध्याकाळी मी चुना कालवला आणि ती भिंत स्वतःच्या हाताने सारवून टाकली. कोणी विचारले तर म्हणालो, सणाला देऊळ पांढरे दिसावे.

आज यशोदा म्हणते, "अक्का सांगत हुत्या, सुईचा ताप असला तर नुसतं अंग तापतं. डोळं चिकटलं, खोकला आला तर तो गोवर. आणि किती दिवस वाट बघायची तेबी सांगितलं हुतं. मी पोटुशी हुते, मला घेरी आली, मी खाली बसले, पुढचं ऐकलं न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भिंतीवर हुतं की सगळं."

वीरण्णा सायकलवर दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टर आणि नर्सबाई गोवराच्या तांड्यावर गेले आहेत. कंपाउंडरने तापाचे पातळ औषध दिले. अव्वा ते पाजू देईना. यशोदाने तिच्या देखत डहाळ्या सोडल्या आणि चमच्याने पाजले. अव्वा रडते आहे. मी हे लिहितो आहे. कावेरीचे डोळे मी दर थोड्या वेळाने बघतो. लाल आहेत असे वाटते, मग नाहीत असे वाटते. म्हाताऱ्या डोळ्यांना काय दिसणार?


दि. २७ मार्च, शुक्रवार

पत्र कालच संपवले नाही हे बरे झाले.

सकाळी अंग तसेच गरम. मी खुरपे घेतले आणि देवळाकडे गेलो. भिंतीचा चुना खरवडायला लागलो. चुना कोरडा झाला आहे, पापुद्रे निघतात. खालून तुझे "गोवर" निघाले. मग "सुई". खुरपे खोल गेले, दोन ठिकाणी भिंतच उकरली गेली.

लोक जमले. अप्पाला उन्हाची झळ लागली, असे कोणी म्हणाले. सरजाबाई आली. तिचा नातू अजून अंथरुणात आहे, तरी तिची जीभ उभीच आहे. "देवाची भिंत का खरडतोस रं?"

"लेकीचं लिहिलेलं बघतो."

"आता कशाचा बेल उचलणार हाईस?"

"बेल न्हाई," मी म्हणालो. यशोदा मागोमाग आली होती, तिच्या खांद्यावर कावेरी होती. मी म्हणालो, "या लेकराच्या कपाळाला हात लावून बघा."

सरजाबाईने हात लावला. पन्नास वर्षे लेकरे हाताळलेला तो हात. "तापलंय की गं."

"हाव," मी म्हणालो. "बुधवारी सुई दिली, आठव्या दिवशी ताप आला. सुईचा हाय का तुझ्या नातवाकडचा हाय, मला म्हाईत न्हाई. पण सुईनं ताप येतो, हे गौरानं सांगितलं हुतं. मला सांगितलं, तुमाला सांगितलं, भिंतीवर लिहिलं. मी बेल खोटा उचलला आणि मग लेकीला खोटं पाडलं. ती खोटी नव्हती."

कोणी हसले नाही. सरजाबाईच बोलली. "अकरा महिने लागले व्हय रं तुला एवढं बोलायला?"

मग एकेकाने येऊन कावेरीच्या कपाळाला हात लावला. यशोदाने लावू दिला. जे मी दाराआड ठेवणार होतो, त्याला सारे गाव हात लावून गेले. नरसिंग शेवटी आला. त्याने हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग घरी गेला आणि मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा गेरू डब्यात कालवून घेऊन आला. "घ्या. उजळा परत," म्हणाला. गौरा, मला डबा धरवेना. त्यानेच धरला.

भिंतीवर एवढे निघाले आहे: सुईनंतर आठव्या ते दहाव्या दिवशी ताप येतो. अंगावर थोडे लाल येते. घाबरू नका. अंगावरचे दूध तोडू नका. डोळे लाल झाले, खोकला आला, किंवा ताप इतक्या दिवसांपेक्षा जास्त राहिला तर लेकराला दवाखान्यात न्या. किती दिवस, तो आकडाच चुन्याच्या पापुद्र्याबरोबर निघून गेला. खुरपे तिथेच जोरात बसले. नरसिंग म्हणतो दोन असेल. सरजाबाई म्हणते पाच. मी आता अंदाजाने काही बोलणार नाही आणि लिहिणारही नाही. बाकी सारी अक्षरे गेरूने उजळली आणि आकड्याची जागा मोकळी ठेवली.

यशोदा म्हणते, ती आकड्याची वाट बघणार नाही. उद्या सकाळी अंग गरम असले तर पहिल्या गाडीने कावेरीला लातूरला नेणार. मी हो म्हणालो. आत्ता ती आईच्या मांडीवर आहे, दूध ओढते, मधेच सोडून माझ्याकडे बघते. डोळे स्वच्छ आहेत असे यशोदा म्हणते. तिचे डोळे तरुण आहेत, मी तिच्यावर विश्वास ठेवतो. अंग मात्र अजून उतरलेले नाही.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. शाळेतले देविदास मास्तर आज दुपारच्या गाडीने नांदेडला निघाले आहेत. मी त्यांचे पाय धरायला गेलो, ते मागे सरले आणि म्हणाले, बिलोलीपर्यंत जातो. ते तुझ्या दारात उभे राहतील. हे तुझ्या हातात पडेल तोवर कावेरीचे जे व्हायचे ते ठरलेले असेल, हे मला समजते. पण बुधवारी जीप यायची आहे. नरसिंगच्या धाकटीसकट तेरा लेकरांच्या आया येतो म्हणाल्या आहेत, आणि प्रत्येकीने त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून मला विचारले आहे.

मला माफ कर असे लिहिणार होतो. ते राहू दे. माझ्यावर राग असेल तर मला एक शब्दही लिहू नकोस. नुसता तो आकडा लिही. मास्तर तुझ्या दारातून उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाहीत. गौरा, बुधवारच्या आत कळव.

अप्पा